हवाई दलाच्या इतिहासावर लिहायचंय? मग एका उड्डाणापासून सुरुवात करा

७ सप्टेंबर १९६५ ची पहाट. पंजाबातल्या आदमपूरच्या तळावरून आपल्या १ नंबर स्क्वाड्रनची (म्हणजे हवाई दलाच्या तुकडीची) मिस्टेर विमानं पाकिस्तानातल्या सरगोध्यावर हल्ला करायला निघाली. स्क्वाड्रन लीडर देवय्या त्या दिवशी राखीव वैमानिक होते, तेही हल्ल्यात सामील झाले आणि परत आलेच नाहीत. आपल्याकडच्या कागदांवर नोंद काय, तर बेपत्ता. पुढे १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचं पाकिस्तानी हवाई दलावरचं पुस्तक आलं. त्यात तिकडच्या बाजूने लिहिलेलं निघालं की त्या दिवशी त्यांचं एक स्टारफायटर हे वेगवान लढाऊ विमान एका भारतीय मिस्टेरनेच पाडलं होतं, आणि त्यांचा वैमानिक अमजद हुसेन उडी मारून वाचला होता. मिस्टेर म्हणजे स्टारफायटरपुढे अगदीच जुनं आणि हळू विमान. मग तारीख, वेळ, जागा जुळवत गेल्यावर कळलं की ते मिस्टेर देवय्यांचंच असणार. त्यांच्या वेळच्या स्क्वाड्रनचे प्रमुख ओ. पी. तनेजा यांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये, म्हणजे तब्बल २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

ही गोष्ट सगळ्यात आधी सांगितली कारण या कामाचा अख्खा गाभा तिच्यात आहे. एका माणसाने काय केलं हे त्याच्या स्वतःच्या हवाई दलाला माहीत नव्हतं, ते समोरच्याच्या वहीत लिहिलेलं होतं. मी गेली काही वर्षं नोकरी सांभाळून हे वाचन आणि थोडंफार लेखन करतोय आणि माझ्यापुरता एक नियम पक्का झालाय: दावा मारणाऱ्याच्या वहीत असतो, नुकसान ज्याचं झालं त्याच्या वहीत असतं. दोन्ही वह्या बघितल्याशिवाय लिहायचं नाही. खाली जे सगळं लिहिलंय ते या एका नियमाचंच कामकाज आहे असं समजा.

पहिलं काम: विषय लहान करा, अजून लहान करा

"भारतीय हवाई दलाचा इतिहास" हा विषय घेऊ नका. ८ ऑक्टोबर १९३२ ला हवाई दल स्थापन झालं, १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा वापिटी नावाची दोन पंखी विमानं होती, तिथपासून आजपर्यंत सगळं एका लेखात कोंबलं की ते शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखं होतं आणि त्यात तुमचं स्वतःचं असं काहीच राहत नाही. त्यापेक्षा एक दिवस घ्या, एक विमान घ्या, एक तळ घ्या नाहीतर एक माणूस घ्या.

महाराष्ट्र-गोव्यात राहणाऱ्याला तर विषय शोधायला लांब जायची गरजच नाही. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून एचएएलचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा, कारखाना आहे, मिग-२१ तिथे बनली, मग मिग-२७, मग सुखोई-३०. त्या कारखान्यात आयुष्य घालवलेले फिटर, टर्नर, इन्स्पेक्टर आज नाशकात निवृत्त होऊन बसलेत आणि त्यांच्याकडे कोणी जात नाही. पुण्यात लोहगाव आहे, सुखोई-३० एमकेआय सप्टेंबर २००२ मध्ये पहिल्यांदा तिथेच दाखल झाली. खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. १९७१ च्या युद्धात कैद झालेले दिलीप परुळकर, ज्यांनी दोन सहकाऱ्यांना घेऊन ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कैदेतून पलायन केलं आणि थेट अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचले, ते आपलेच. आणि गोव्याचा डिसेंबर १९६१ आहेच.

विषय ठरला की त्याचा एका वाक्यात प्रश्न करा आणि तो कागदावर लिहून समोर भिंतीला चिकटवा. मी या लेखात उदाहरण म्हणून हा प्रश्न घेतो: १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या डाबोळी विमानतळावर आपल्या हवाई दलाने हल्ला केला, त्यात धावपट्टीचं नेमकं किती नुकसान झालं? बघा, "गोवा मुक्तीत हवाई दलाची कामगिरी" यापेक्षा हा प्रश्न केवढा छोटा आहे, पण याला उत्तर असू शकतं, आणि ते शोधताना बाकीचं सगळं आपोआप समोर येतं.

वही किंवा एक्सेल, पण पहिल्या दिवसापासून

हे काम कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच लोक टाळतात आणि मग सहा महिन्यांनी "हे मी कुठे वाचलं होतं" म्हणून डोकं धरून बसतात. प्रत्येक माहितीला एक ओळ द्या. त्यात तारीख, वेळ, जागा, विमानाचा प्रकार, विमानाचा नंबर, माणसाचं नाव, त्याची त्या दिवशीची रँक, काय घडलं असं म्हटलंय, कोणी म्हटलंय, कुठल्या पानावर, आणि ते घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलंय. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्याच संध्याकाळी लिहिलेला रिपोर्ट आणि चाळीस वर्षांनी लिहिलेलं आत्मचरित्र या दोन्हीत फरक पडला तर आधी रिपोर्टकडे बघायचं, पण रिपोर्टमध्येही वरिष्ठांना बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असू शकतं हेही ध्यानात ठेवायचं.

वेळेच्या रकान्यात घड्याळ कोणाचं तेही लिहा. यात भलेभले चुकतात. १९६५ ला पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे होतं, १९७१ ला पूर्व पाकिस्तानचं अर्धा तास पुढे. म्हणजे आपल्या पुस्तकात सकाळी सहा आणि त्यांच्या पुस्तकात साडेपाच लिहिलेलं असेल तर त्या दोन घटना नाहीत, एकच आहे! दुसऱ्या महायुद्धाचा विषय असेल तर अजून एक भानगड, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातलं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं. ब्रह्मदेशातल्या उड्डाणांच्या वेळा वाचताना हे माहीत नसेल तर सूर्य उगवायच्या वेळाच जुळत नाहीत.

नावांचंही तसंच. देवय्या हे इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. आपले हवाई दल प्रमुख हृषिकेश मुळगावकर (१९७६ ते १९७८) यांचं आडनाव इंग्रजीत मधे दोन ओ घालून लिहितात, तुम्ही आपल्या उच्चाराप्रमाणे सर्च केलंत तर निम्मं हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक नावाची जितकी स्पेलिंग शक्य आहेत तेवढी आधीच लिहून ठेवा आणि सगळी टाकून शोधा. आडनावं, गावं, तळ सगळ्यांना हे लागू. पुणे, खडकी, देवळाली यांची जुनी इंग्रजी स्पेलिंग वेगळी आहेत, जुन्या कागदात पुण्याच्या शेवटी ए येतो आणि खडकी के या अक्षराने सुरू होऊन किरकी होते.

छापील आधी

आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने कागद जपून ठेवतात त्या अभिलेखागारात, धावत जायच्या आधी छापून आलेलं वाचून काढा. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने गोवा कारवाईवर, १९६५ वर, १९७१ वर इतिहास लिहून घेतलेत. ते सरकारी आहेत म्हणून फेकून द्यायचे नाहीत आणि सरकारी आहेत म्हणून डोळे मिटून मानायचेही नाहीत, त्यांची मोठी ताकद ही की लिहिणाऱ्यांना आतले कागद बघायला मिळाले होते. मग आत्मचरित्रं. मग मासिकं. सैनिक समाचार हे संरक्षण मंत्रालयाचं नियतकालिक १९०९ पासून चालू आहे, आधी नाव फौजी अखबार होतं, आणि ते मराठीतही निघतं. जुने अंक मिळाले तर सोन्यासारखे आहेत कारण त्यात बदल्या, समारंभ, खेळांच्या स्पर्धा अशा बारीक गोष्टी असतात आणि त्यावरून कोण कधी कुठल्या तळावर होतं ते कळतं.

वर्तमानपत्रं काढताना आधी ते वर्तमानपत्र त्या दिवशी अस्तित्वात होतं का ते बघा. गोव्याच्या डिसेंबर १९६१ साठी महाराष्ट्र टाइम्स शोधू नका, तो जून १९६२ ला सुरू झाला. गोमंतक मार्च १९६२ ला. त्याऐवजी केसरी, सकाळ, लोकसत्ता बघा आणि बेळगावचा तरुण भारत तर नक्की बघा कारण आपली हंटर लढाऊ विमानं बेळगावजवळच्या सांबऱ्यावरून उडत होती, गावाला आवाज ऐकू येत होता. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईचं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, या ठिकाणी स्वतः जाऊन बसायची तयारी ठेवा. फोनवरून होत नाही हे काम. युद्धकाळातल्या बातम्या सरकारी पत्रकावरून छापलेल्या असतात, त्यामुळे पाच पेपरांनी एकच आकडा दिला म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही, तो एकच पुरावा पाच वेळा छापलेला आहे. हे वाक्य मी स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

कागद कुठे असतात

दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्ज. त्यांचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, घरबसल्या यादी शोधता येते आणि बऱ्याच फायली स्कॅन केलेल्या असतात. जायच्या आधी फाइल नंबर काढून न्या, तिथे गेल्यावर "१९६१ चं काय आहे" विचारलंत तर दोन दिवस फुकट जातील. जून २०२१ ला संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की २५ वर्षांपेक्षा जुने कागद तपासून अभिलेखागाराकडे द्यायचे. धोरण आलं म्हणजे कागद लगेच टेबलावर आले असं होत नाही, पण तुमच्या अर्जात या धोरणाचा उल्लेख करायला हरकत नाही.

आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, ऑनलाइन भरता येतो. लोक लिहितात "१९६५ च्या युद्धात हवाई दलाचं इतकं नुकसान का झालं ते सांगावे". याला उत्तर येणार नाही, कारण "का" ही माहिती नाही, मत आहे. असं लिहा: अमुक स्क्वाड्रनच्या अमुक महिन्याच्या नोंदवहीची प्रत मिळावी, आणि ती नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मिळावी. कलम ८(३) वाचून ठेवा, २० वर्षांपेक्षा जुन्या घटनांबाबत माहिती नाकारायच्या बऱ्याच सबबी चालत नाहीत, देशाच्या सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडून. माझा एक अर्ज एका कार्यालयाने दोनदा दुसरीकडे ढकलला, तिसऱ्यांदा उत्तर आलं, तेही अर्धं, पण त्या अर्ध्यात एका फाइलचा नंबर होता आणि त्या नंबरावरून पुढचं काम झालं. म्हणून नकाराचं पत्रसुद्धा नीट वाचा.

शौर्यपदकांसाठी भारताचं राजपत्र. स्वातंत्र्याआधीचं असेल तर लंडन गॅझेट, ते ऑनलाइन फुकट शोधता येतं. पदकाच्या मानपत्रात तारीख, जागा, कामगिरी असते, पण ते कौतुकासाठी लिहिलेलं असतं एवढं ध्यानात ठेवून वाचा.

दुसऱ्या महायुद्धासाठी लंडनजवळ क्यूला ब्रिटिशांचं नॅशनल आर्काइव्ह्ज आहे. तिथे एअर २७ या मालिकेत स्क्वाड्रनांच्या रोजच्या नोंदवह्या आहेत. त्यात दोन प्रकारचे फॉर्म असतात, ५४० म्हणजे दिवसाचा सारांश आणि ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद, कोण, कुठल्या नंबरच्या विमानात, किती वाजता वर, किती वाजता खाली. नवखा माणूस ५४० वाचून थांबतो कारण तो गोष्टीसारखा वाचायला मिळतो, पण खरा माल ५४१ मध्ये आहे. आणि ज्यांचा मृत्यू झाला त्यांच्यासाठी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाचा ऑनलाइन डेटाबेस, नाव टाकलं की तारीख, युनिट, दफनाची किंवा स्मारकाची जागा येते. खडकीला जाऊन एक दगड बघा, त्यावरचं नाव आणि तारीख घ्या आणि त्यावरून मागे मागे जात त्या माणसाचं शेवटचं उड्डाण शोधा, सुरुवात करायला याच्याइतका चांगला अभ्यास दुसरा नाही.

गोव्यासाठी लिस्बन. तिथे तोरे दो तोंबो हे राष्ट्रीय अभिलेखागार आणि वेगळं लष्करी अभिलेखागार आहे. पोर्तुगीज येत नसेल तर मडगाव-पणजीत अजूनही पोर्तुगीज वाचणारी जुनी माणसं भेटतात, त्यांच्याबरोबर बसा, मशीनच्या भाषांतरावर लष्करी शब्दांचा भरवसा ठेवू नका.

माणसं

इथे घाई करा, बाकी सगळीकडे सावकाश चाला. कागद पन्नास वर्षांनीही मिळेल. १९६१ ला पंचवीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीत आहे. गोवा कारवाईत हवाई दलाची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो तर नोव्हेंबर १९६३ मध्येच पूंछजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात गेले, त्यांची निवांत बसून सांगितलेली आठवण कोणालाच मिळणार नाही.

फक्त वैमानिकांच्या मागे लागू नका ही माझी कळकळीची विनंती. वैमानिक तासभर वर असतो, बाकी तेवीस तास त्या विमानाशी झटणारा एअरमन, शस्त्रं-बॉम्ब चढवणारा आर्मरर, रडारवरचा, टॉवरवरचा, स्वयंपाकघरातला, यांना कोणी विचारतच नाही. मी एका निवृत्त कॉर्पोरल काकांकडे गेलो होतो, इंजिन फिटर होते. पहिला अर्धा तास ते म्हणत राहिले "अहो मी काय सांगणार, मी काही लढलो नाही". मग मी त्यांना विचारलं की काका, इंजिन बदलायला किती वेळ लागायचा आणि त्या रात्री जेवायला काय होतं. पुढचे तीन तास ते बोलत होते, काकूंनी दोनदा चहा केला. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट, की त्या आठवड्यात त्यांच्या तळावर एकाच विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावत होते, ही कुठल्याच पुस्तकात मला मिळालेली नाही, आणि त्यावरून कळतं की कागदावरची विमानं आणि उडू शकणारी विमानं हे दोन वेगळे आकडे असतात.

जायची पद्धत: आधी पत्र किंवा फोन, ओळखीतून गेलात तर उत्तम. सर किंवा काका, आजोबा जे शोभेल ते म्हणा, पण रँक माहीत असेल तर ती घ्या, बरं वाटतं त्यांना. रेकॉर्डिंगची परवानगी विचारून ती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. लढाईवर थेट उडी मारू नका, बालपण, गाव, भरती कशी झाली इथून या. तुम्हाला उत्तर माहीत असलेले दोन प्रश्न मधे विचारा, त्यावरून आठवण किती पक्की आहे त्याचा अंदाज येतो. चूक सांगितली तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, वहीत खूण करा. शांतता झाली तर ती भरू नका, तो माणूस काहीतरी आठवतोय, थांबा. आणि डोळ्यात पाणी आलं तर रेकॉर्डर बंद करा, लेख नंतर.

लॉगबुक आहे का हे निघताना विचारा, सुरुवातीला नाही. लॉगबुक म्हणजे वैमानिकाने प्रत्येक उड्डाणाची ठेवलेली नोंद, तारीख, विमान, नंबर, काम, वेळ, रात्रीचं उड्डाण बहुतेक वेळा लाल शाईत. फोटो काढताना पानाचे चारही कोपरे यायला हवेत, एकही पान सोडायचं नाही, कव्हर आणि मागचे शिक्केसुद्धा. लॉगबुक घरी न्यायला देऊ केलं तरी नेऊ नका, तिथेच बसून काढा.

फोटो आणि चौकातली विमानं

विमानाच्या शेपटीजवळचा नंबर हा त्याचा आधार कार्ड नंबर समजा. आपल्याकडे पुढच्या अक्षरावरून प्रकार कळतो, मिस्टेरला आयए, कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानाला आयएफ, हंटरला बीए. पण चौकात, कॉलेजात उभी केलेली विमानं पुन्हा रंगवलेली असतात आणि रंगवणाऱ्याने नंबर भलताच टाकलेला असू शकतो, म्हणून आतली धातूची पट्टी बघायला मिळाली तर बघा. पुण्यात घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-२३ आहे, तिथे जाऊन सराव करा.

फोटोची तारीख ठरवायला पंखावरचा गोल बघा. महायुद्धात आपल्या भागातल्या विमानांवरून लाल रंग काढून टाकला होता, जपानी विमानांच्या लाल गोलाशी गोंधळ होऊ नये म्हणून. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र होतं, १९५० पासून तिरंगी गोल. फोटोखालची ओळ ही फोटो नव्हे, ती नंतर कोणीतरी लिहिलेली असते. याचं एक उदाहरण गोव्यातच आहे. वास्कोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, फार सुंदर, सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर सगळं आहे, आणि एक मोठं सुपर कॉन्स्टेलेशन आहे. १९६१ ला डाबोळीवर उभ्या असलेल्या पोर्तुगीज नागरी विमानांतलं एक कॉन्स्टेलेशनच होतं हे वाचून लोक दोन्ही जोडून टाकतात. संग्रहालयातलं विमान मूळ एअर इंडियाचं, मग हवाई दलाकडे आणि मग नौदलाकडे आलेलं. नाव सारखं, विमान वेगळं.

आता जुळवाजुळव

इथे खरी मजा आहे आणि इथेच बहुतेक जण थकून कॉपी-पेस्ट करतात.

डाबोळी घ्या. भारतीय माहिती अशी की १८ डिसेंबरला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी ६३,००० पौंड बॉम्ब धावपट्टीवर टाकले आणि नंतर अजून एक हल्ला झाला. पहिलं काम, भागाकार करा. ६३,००० ला १२ ने भागलं की प्रत्येकी ५,२५० पौंड येतात. कॅनबेरा ८,००० पौंडांच्या आसपास वाहून नेऊ शकत असे, म्हणजे आकडा शक्य कोटीतला आहे. हा भागाकार अर्ध्या मिनिटाचा आहे आणि याने कितीतरी खोटे आकडे पकडता येतात. दुसरं काम, परिणाम बघा. धावपट्टी "उद्ध्वस्त झाली" असं लिहिलेलं अनेक ठिकाणी मिळेल. पण विमानतळाच्या इमारती आणि तिथे उभी असलेली दोन नागरी विमानं मुद्दाम वाचवली होती आणि ती दोन्ही त्याच रात्री तिथून उडून कराचीला गेली. मोठी चार इंजिनांची विमानं जर त्याच रात्री उडू शकली तर धावपट्टी निकामी झाली म्हणजे नेमकं काय झालं, किती लांबी शिल्लक होती, खड्डे बुजवले का, कोणी बुजवले? झाला ना तुमचा प्रश्न जिवंत. आता लिस्बनचे कागद, वास्कोचे जुने रहिवासी आणि हल्ल्याचे फोटो यांना विचारायला नेमकं काहीतरी मिळालं. आणि यात आपल्या वैमानिकांचं श्रेय कणभरही कमी होत नाही, गोव्यात पोर्तुगीजांकडे एकही लढाऊ विमान नव्हतं, धावपट्टी बंद पाडणं आणि जीवितहानी टाळणं या दोन्ही सूचना एकाच वेळी पाळायच्या होत्या, ते काम सोपं नव्हतं.

आकाशातल्या लढाईचं उदाहरण बोयरा. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध अजून रीतसर सुरू व्हायचं होतं. कोलकात्याच्या डमडमवरून २२ नंबर स्क्वाड्रनची चार नॅट ही छोटी लढाऊ विमानं उडाली आणि पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयराजवळ त्यांची पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांशी गाठ पडली. आपला दावा तीन सेबर पाडल्याचा. पाकिस्तानचं म्हणणं दोन गेली, तिसरं नुकसान सोसून ढाक्याला परतलं. काय लिहाल? दोन गोष्टी पक्क्या आहेत कारण दोन वैमानिक आपल्या हद्दीत उतरले आणि कैद झाले, त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुखही झाले. तिसऱ्याबद्दल लिहायचं: भारतीय वैमानिकाने ते पडल्याचा दावा केला, पाकिस्तानी माहितीप्रमाणे ते परतलं. बस. याने विजय छोटा होत नाही. तोफेच्या गोळ्या लागताना दिसल्या, धूर निघाला, विमान ढगात किंवा झाडांच्या रेषेखाली गेलं, वैमानिकाला प्रामाणिकपणे वाटतं की पडलं. यात खोटेपणा नाही, ताशी आठशे किलोमीटर वेगात मान मागे वळवून बघणाऱ्या माणसाला एवढंच दिसू शकतं. जगातल्या जवळजवळ प्रत्येक हवाई दलाचे दावे प्रत्यक्षापेक्षा जास्त निघालेत. आणि उलट बाजूने बोलणाऱ्यांनाही हाच नियम, त्यांनी आपलं नॅट पाडल्याचं म्हटलं तर आपल्याकडे चार उडाली आणि चार परत आली हे बघायचं.

लिहायला बसल्यावर

रँक त्या दिवशीची लिहा. पुढे एअर मार्शल झाला म्हणून १९६५ ला त्याला एअर मार्शल म्हणू नका, पहिल्या उल्लेखात एकदा "पुढे एअर मार्शल झालेले" चालेल. सॉर्टी म्हणजे एका विमानाचं एक उड्डाण, "२० सॉर्टी" म्हणजे २० विमानं नव्हेत, पाच विमानांनी चार-चार वेळा उडून तेवढ्याच होतात. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधा मैल नव्हे. बेपत्ता, कैद आणि मृत हे तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्या मागे तीन वेगळी घरं असतात, त्यामुळे खात्री नसताना एकाच्या जागी दुसरा वापरू नका. बेपत्ता माणसांच्या घरच्यांकडे तर केवळ लेखाला मसाला हवा म्हणून अजिबात जाऊ नका.

मराठी शब्दांबद्दल माझं मत असं की धावपट्टी, गस्त, तळ, वैमानिक, हल्ला हे सगळ्यांना कळतात ते वापरा, पण स्क्वाड्रन, रडार, कॉकपिट, मिसाइल यांना ओढूनताणून संस्कृत करू नका, हवाई दलातला मराठी माणूस बोलतो तसं लिहा. सुरुवात तारखेने किंवा माणसाने करा. "प्राचीन काळापासून मानवाला उडण्याची ओढ" वगैरे खोडून टाका. जिथे दोन बाजूंचं जमत नाही तिथे दोन्ही सांगा आणि तुम्हाला कुठलं जास्त पटतं आणि का ते सांगा, वाचक हुशार असतो. संवाद मनाने घालू नका, वैमानिकाने रेडिओवर काय म्हटलं हे कोणी सांगितलं असेल तरच अवतरणात टाका. प्रत्येक आकड्यापुढे स्वतःच्या प्रतीत कंसात पान नंबर असू द्या, छापायच्या आधी काढा पण मूळ फाइल तशीच ठेवा.

आजचे तळ, आजची विमानं, कोण कुठे आहे, धावपट्टीचे सध्याचे फोटो, यापासून लांब राहा. शासकीय गुपितं कायदा १९२३ चा आहे आणि लागू आहे. इतिहासावर लिहिणाऱ्याला पन्नास वर्षांपूर्वीचं इतकं पडलंय की आजच्याला हात लावायची गरज नाही.

लेख पूर्ण झाला की तो तीन जणांना दाखवा, एक त्या विमानावर काम केलेला, एक ज्याला विमानांतलं काही कळत नाही, आणि एक ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या घरचा. तिघं वेगवेगळ्या ठिकाणी अडतात. मग मुलाखतीचं पूर्ण रेकॉर्डिंग आणि लॉगबुकचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर घालून त्या घरी नेऊन द्या, एक प्रत तुमच्याकडे, एक एखाद्या ग्रंथालयाकडे. पेनड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवा: नाव, रँक, स्क्वाड्रन, मुलाखतीची तारीख.